दोरीवरचे लाल ठिपके

शेळके काकांच्या सदऱ्याला दोन खिसे होते. डाव्या खिशात चष्मा आणि उजव्या खिशात पांढऱ्या कपड्याचे चौकोनी तुकडे. जुन्या धोतराचे, बनियनचे, एकदा तर काकूंच्या कोऱ्या उशीच्या अभ्र्याचे. गाडी कुठलीही असो, ते आधी तेल मोजायची पट्टी ओढून काढत, तिच्या टोकाचा एक थेंब त्या तुकड्यावर पाडत आणि तुकडा उजेडाकडे धरून गप्प उभे राहत. तोवर गाडीचा मालक बोलत असे. गाडी कालपर्यंत कशी छान होती, आधीच्या मिस्त्रीने कसं फसवलं, वगैरे. काका ऐकत नसत. थेंब पूर्ण पसरून मध्ये गडद ठिपका आणि भोवती फिकट कडं तयार झालं, की मगच ते माणसाकडे वळत आणि म्हणत, "हां. अब बोलो जी."

चंदीगडजवळच्या मनीमाजऱ्याच्या मोटार मार्केटच्या टोकाला त्यांचं वर्कशॉप होतं. आत भिंतीला समांतर एक दोरी आणि दोरीवर चिमट्यांनी लावलेले असे शेदीडशे तुकडे. प्रत्येकावर शाईने गाडीचा नंबर आणि तारीख. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ते एखाद्या प्रदर्शनासारखं वाटलं. काळे, तपकिरी, राखाडी ठिपके, आणि अगदी कडेला चारपाच लाल.

काका साताऱ्याकडचे. फौजेच्या वर्कशॉपमध्ये सारा जन्म गेला, सुभेदार होऊन चंडीमंदिरच्या छावणीतून निवृत्त झाले आणि गावाकडे परत न जाता इथेच राहिले. का राहिलात, असं मराठी मंडळातलं कुणी विचारलं की सांगत, "हितले रस्ते सरळ हायत. गाडी डावीकडं ओढाय लागली तर ती गाडीची चूक आसतीय, रस्त्याची न्हाय." हा विनोद नव्हता. त्यांनी खरोखर त्याच कारणाने घर घेतलं असावं असं मला अजूनही वाटतं.

आम्ही चंदीगडला आलो ते बाबांच्या नोकरीमुळे. सेक्टर तीसमधल्या सरकारी प्रयोगशाळेत ते भूकंपमापक यंत्रांवर काम करत. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, कॉलेजात फिजिक्सच्या पहिल्या वर्षाला. मराठी सगळं समजायचं, पण उत्तर तोंडातून हिंदीत किंवा इंग्रजीत यायचं. बहुतेक वेळा यायचंच नाही. कुणाला काही विचारायचं म्हटलं की मी मनात दहादा वाक्य जुळवायची आणि शेवटी विचारायचीच नाही. माझं अक्षर मात्र चांगलं होतं, देवनागरीसुद्धा. त्यामुळे मराठी मंडळाच्या गणपतीत कार्यक्रमाचा फळा लिहायचं काम माझ्याकडे आलं. काकांकडे जनरेटर होता.

फळ्यासमोर उभं राहून त्यांनी विचारलं, "ह्ये अक्षर कुणाचं?"

मी स्वतःकडे बोट दाखवलं.

"मराठी येतं व्हय?"

"थोडा थोडा."

"लिवतीस छापल्यागत आन् बोलताना थोडा थोडा?" ते जनरेटरकडे वळले. दोरी ओढता ओढता म्हणाले, "माझ्याशी मराठीच बोलायचं. चुकलीस तर चुकलीस. मी काय परीक्षक हाय?"

मग जनरेटर सुरू झाला आणि काहीच ऐकू येईना. मला बरं वाटलं.

पंजाबात दहशतवाद पेटलेल्या त्या वर्षांत गणपतीचे सगळे कार्यक्रम दुपारी व्हायचे. अंधार पडायच्या आत घरी पोचायचं, हे कुणी कुणाला सांगत नसे, सगळ्यांना माहीत होतं. चौकाचौकात वाळूच्या पोत्यांच्या भिंती, गाड्या थांबवून झडती. काकांनी लिलावात घेतलेली फौजेची जुनी जीप होती आणि बाबांची स्कूटर बंद पडली की ते आम्हाला तिच्यातून घरी सोडत. अशाच एका संध्याकाळी रेल्वे फाटकाजवळच्या नाक्यावर एका जवानाने सीटखालून कपड्यांचं गाठोडं काढलं आणि सोडलं. त्यात लालसर तपकिरी डागांचे वीसपंचवीस तुकडे होते. जवानाचा चेहरा पालटला. त्याने बंदूक हलवली नाही, पण मागच्या दोघांनी हलवली.

"ये क्या है?"

बाबांनी माझा हात घट्ट धरला. काका मात्र खाली उतरले. सावकाश, दोन्ही हात दिसतील असे. एक तुकडा उचलून त्यांनी जवानाच्या नाकाशी नेला. "सूंघो, बेटा."

त्याने घाबरत घाबरत वास घेतला.

"गिअर का तेल है। ये ट्रक का, ये बस का। और ये..." काकांनी कान टवकारले. पोत्यांच्या मागे पोलिसांची जिप्सी सुरूच ठेवलेली होती. "ये आपकी गाडी है? टॅपेट ढिला है। खट-खट सुनो।"

सगळे ऐकू लागले. खरंच खट-खट येत होती. दहा मिनिटांनी काका जिप्सीच्या बॉनेटमध्ये वाकलेले होते, तो जवान त्यांना बॅटरीचा उजेड दाखवत होता, आणि बाबा वारंवार आभाळाकडे बघत होते. निघताना जिप्सीच्या थेंबाचा एक तुकडाही गाठोड्यात गेला. घरी आल्यावर बाबा म्हणाले, "पुन्हा यांच्या जीपमध्ये बसायचं नाही." पण मला त्या रात्री झोप लागेना. भीतीमुळे नव्हे. एका माणसाने नुसतं कान देऊन सगळ्यांच्या हातातल्या बंदुका खाली आणल्या होत्या, ते मी पाहिलं होतं.

पुढच्या वसंतात प्रयोगशाळेला एका परदेशी मदतीच्या प्रकल्पातून पिकअप मिळाली. निळी, लांबलचक, स्टिअरिंग डाव्या बाजूला आणि क्लचचं पेडलच नाही. गिअर आपोआप पडतात म्हणे. आख्खा सेक्टर तिला बघायला येऊन गेला. तिच्यावर कर्तारसिंगजींची नेमणूक झाली. प्रयोगशाळेचे सर्वांत जुने ड्रायव्हर, पांढरी दाढी, बोलणं माझ्याइतकंच. रोज सकाळी ते तिला पुसत आणि मग हात जोडून आत बसत.

गाडीबरोबर आलेलं जाडजूड इंग्रजी पुस्तक बाबा घरी घेऊन आले. "मीनू, ड्रायव्हरसाठी साध्या हिंदीत एक कार्ड कर. रोज काय काय बघायचं तेवढंच."

मी ते मन लावून केलं. पट्टीने रेघा मारल्या, मथळा लाल शाईने. गिअरबॉक्सच्या तेलाचं पान आलं तेव्हा थबकले. पुस्तक म्हणत होतं, गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन गरम होऊन संथ चालू असताना पट्टी काढून तेल बघा. इंजिन चालू असताना? इंजिनाचं तेल तर सगळे ड्रायव्हर गाडी बंद करून बघतात, मी लहानपणापासून बघत आले होते. पंखा फिरत असताना कुणी हात घालेल का? मला वाटलं, छपाईत चूक झाली असावी. बाबा बाहेर वर्तमानपत्र वाचत बसले होते, दहा पावलांवर. उठून विचारायचं मला जमलं नाही. मी ते तीन शब्द गाळले आणि इंजिनाच्या तेलाच्या ओळीखाली लिहिलं, गिअरबॉक्स का तेल भी इसी तरह देखें, निशान से ऊपर न हो.

कार्डाचं कौतुक झालं. कर्तारसिंगजींनी ते प्लास्टिकमध्ये घालून समोरच्या काचेवरच्या उन्हाच्या झडपेला लावलं आणि मला म्हणाले, "बेबी जी, आपकी लिखाई गुरुद्वारे की किताब जैसी है।"

गाडी बिघडली ती पावसाळ्यानंतर. आधी लहानसहान लक्षणं. गिअर टाकला की दोन-तीन सेकंद काहीच व्हायचं नाही, मग गचका. मग एके दिवशी यंत्रं आणि बाबा दोघांना घेऊन ती डोंगरातल्या भूकंपमापन केंद्राकडे निघाली, ती पिंजौरच्या बाजारात थांबली. इंजिन गर्जतंय, चाकं हलत नाहीत. अर्ध्या तासाने पुन्हा चालली. कालका ओलांडून पहिल्या चढाला लागली आणि कायमची बसली. ऊन उतरेपर्यंत बाबा आणि कर्तारसिंगजी त्या रस्त्यावर उभे होते. शेवटी फौजेच्या एका ताफ्याने त्यांना ओढून परत आणलं.

त्याच आठवड्यात प्रयोगशाळेला धमकीचं एक निनावी पत्र आलेलं होतं. सुरक्षा अधिकाऱ्यांनी दोन गोष्टी एकत्र ठेवल्या. परदेशी गाडी, महागडी यंत्रं, नेमकी निर्जन चढावर बंद पडते. आणि ड्रायव्हर कोण, तर सरदार. कर्तारसिंगजींना तीन दिवस रोज खोलीत बसवून विचारलं गेलं. गावी कोण कोण आहे, कोणत्या गुरुद्वाऱ्यात जाता, मागच्या महिन्यात घरी कोण आलं होतं. चौथ्या दिवशी बाबा घरी येऊन आईला हळू आवाजात म्हणाले, "अहवालात घातपात असं लिहिलं, तर त्याला पोलिसांकडे देतील." एवढंच. पोलिसांकडे दिलेल्या सरदारजींचं पुढे काय होतं ते त्या वर्षांत कुणी मोठ्याने बोलत नसे. आईने कणीक मळायची थांबवली.

अहवालाआधी गाडी तपासून घ्यावी असं बाबांनी सुरक्षा अधिकाऱ्यांना पटवलं. शहरात ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उघडलेला एकच माणूस होता. फौजेत असताना काकांनी परदेशी क्रेनांचे असले गिअरबॉक्स दुरुस्त केले होते. दोरीच्या कडेचे लाल ठिपके तेच.

काका बाबांना म्हणाले, "पुस्तक हाय का? इंग्रजीत? मग पोरीला आना."

त्यामुळे मी त्यांच्या वर्कशॉपमध्ये गेले. पुस्तक काखेत मारून.

आदल्या संध्याकाळी त्यांनी पिकअप सपाट फरशीवर उभी करून खाली नवा कोरा पुठ्ठा सरकवून ठेवला होता. त्यांनी तो ओढून काढला. कोरडा ठाक. कर्तारसिंगजी आणि बाबा भिंतीशी टेकून उभे होते. सुरक्षा अधिकारी खुर्चीत बसले होते, मांडीवर फाइल.

"आता बघ," काका मला म्हणाले. त्यांचे डोळे चमकत होते. आमच्या घरी चहा पिताना मला दिसणारा म्हातारा हा नव्हताच. "ह्या गिअरबॉक्सात क्लचचं पेडल न्हाय. मग इंजिनाची ताकद चाकाला जाती कशी? सांग, फिजिक्सवाली."

मी पुस्तकाची पानं उलटू लागले.

त्यांनी दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवले. एकाचाच प्लग लावला, तो सुरू केला. दुसरा, ज्याला वीजच नव्हती, तो हळूहळू गरगरू लागला.

मी हसले. मोठ्याने. स्वतःचा आवाज ऐकून दचकलेसुद्धा. सुरक्षा अधिकारीही खुर्चीतून पुढे वाकले होते.

"आत असंच हाय. दोन पंखे, एका डबड्यात. मधी वारा न्हाय, तेल. ह्येच लाल तेल. त्येच पंखा फिरवतं, त्येच गिअर दाबून धरतं, त्येच सगळ्याला थंड ठेवतं. तेल कमी झालं की पंप हवा गिळतो, तेलाचा फेस हुतो. फेस काय ढकलणार? इंजिन बोंबलतं, गाडी हालत न्हाय." मग कर्तारसिंगजींकडे वळून हिंदीत, "सरदारजी, पिंजौर में रुकने के बाद फिर चली?"

"चली, जी। आधा घंटा रुके, फिर चली।"

"फेस बसला म्हणून चालली," काका मला म्हणाले. इंजिन सुरू करून, गिअरची दांडी एकेका खाचेतून फिरवून त्यांनी पट्टी ओढली. तिला तेल लागलंच नव्हतं. बोट घालून नळीच्या तोंडाशी जेमतेम एक थेंब मिळाला. तो तुकड्यावर पडला, काळसर तपकिरी. काकांनी तो माझ्या नाकापुढे धरला. करपलेल्या भाकरीचा वास.

मग त्यांनी जे केलं ते मी आयुष्यभर विसरणार नाही. तेल कमी आहे, तर ते गेलं कुठे, हे त्यांनी एकेक वाट बंद करत शोधलं, अगदी गणित सोडवतात तसं. खाली गळालं? पुठ्ठा कोरडा. इंजिनाने शोषून जाळलं? त्यांनी इंजिनापासून गिअरबॉक्सकडे जाणारी रबराची बारीक नळी उपसून तिच्यात पांढरा तुकडा कोंबला, पिळला, बाहेर काढला. स्वच्छ. धुराकडे माझं लक्ष वेधलं, धूरही पांढरा नव्हता. पाण्यात मिसळलं? रेडिएटरमधून एक नळी तेल थंड करायला जाते, ती फुटली की पाण्यावर तवंग येतो आणि तेल दुधाळ गुलाबी होतं. त्यांनी रेडिएटरचं झाकण काढलं. पाणी नितळ. मी प्रत्येक वेळी पुढे सरकत होते. शेवटी मी जवळजवळ बॉनेटमध्ये होते.

"तीन वाटा. तिन्ही बंद," काका म्हणाले, आणि त्यांचा आवाज जरा खाली आला.

मी त्यांच्याकडे पाहिलं आणि माझ्या लक्षात आलं. चौथी वाट एकच उरते. माणसाचा हात. खुर्चीतल्या साहेबांच्याही ते लक्षात आलं होतं. त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

काका हात पुसत कर्तारसिंगजींसमोर गेले. कुणाला वेळ विचारावी तसं त्यांनी विचारलं, "सरदारजी, तेल किधर गया?"

"मैंने निकाला है, जी।"

साहेबांचं पेन कागदावर टेकलं.

"तीन दिन से पूछ रहे हैं आपसे," साहेब उठत म्हणाले, "बोले क्यों नहीं?"

"तेल का किसी ने पूछा ही नहीं, साहब।" कर्तारसिंगजींना खरोखर आश्चर्य वाटलेलं दिसत होतं. "गांव का पूछा, गुरुद्वारे का पूछा। तेल निशान से ऊपर था, तो मैंने निकाला। सरकारी माल है, फेंका नहीं। रखा है।"

ते बाहेर जाऊन गाडीच्या मागच्या पेटीतून पोत्यात गुंडाळलेल्या तीन काचेच्या बाटल्या घेऊन आले. लॅबमधली मोठी सिरिंज आणि प्लास्टिकची नळीही होती. प्रत्येक बाटलीला कागदाची पट्टी चिकटवलेली, त्यावर तारीख, किलोमीटर आणि सही. साहेबांनी बाटल्यांकडे बोट केलं. "यही तो सबूत है।"

"व्हय," काका एकदम मराठीत म्हणाले. मग हिंदीत, "सबूत ही है, साहब। जरा देखिए।" त्यांनी वर्कबेंचवर स्वच्छ तुकडा पसरला आणि एकाखाली एक तीन थेंब टाकले. पहिल्या बाटलीतला चेरीसारखा लाल, आरपार. दुसरीतला गडद. तिसरीतला तपकिरी. काका तारखा मोठ्याने वाचत गेले. "पहला तेल निकला, तब गाडी तंदुरुस्त थी। निकला, इसलिए बाकी जलने लगा। दूसरा, थोडा जला। तीसरा, पूरा। चोर अपनी चोरी पर तारीख डालकर दस्तखत करता है क्या? इतना अच्छा रिकॉर्ड मेरे मिलिटरी वर्कशॉप में भी नहीं था।"

"लेकिन निकाला तो इन्होंने ही। क्यों?"

काका माझ्याकडे वळले. "पोरी, पुस्तकात तेल बघायचं पान काढ. वाच. साहेबांस्नी समजंल असं."

पान मला शोधावं लागलं नाही. मी ते उघडलं आणि वाचायला सुरुवात केली. सपाट जागा. हातब्रेक. दांडी सगळ्या खाचांतून फिरवा. मग ते तीन शब्द आले आणि मी वाचायची थांबले.

काकांनी घाई केली नाही. थेंब पसरेपर्यंत उभे राहत तसे उभे राहिले. बाबांनी आश्चर्याने माझ्याकडे पाहिलं. समोर कर्तारसिंगजी, हात पुढे बांधलेले. झडपेला माझं कार्ड. आणि मला कळून चुकलं, की मी आत्ता गप्प बसले तर कुणालाच काही कळणार नाही. ते पुस्तक तिथे वाचू शकणारी मी एकटीच तर नव्हते, पण ते कुणी वाचत नव्हतं.

"इंजिन चालू रखकर," मी म्हणाले. "किताब में लिखा है, इंजिन चालू रखकर देखना है। कार्ड मैंने बनाया था। मैंने वो छोड़ दिया। मुझे लगा छपाई की गलती है। मैंने किसी से पूछा नहीं।"

इतकं मी सलग कधीच बोलले नव्हते, तेही अनोळखी माणसासमोर. काकांनी एकदा मान हलवली, फक्त एकदा, आणि लगेच कामाला लागले. पहिल्या बाटलीतलं तेल तलम कपड्यातून गाळून परत नळीत ओतलं. उरलेलं आपल्याकडच्या डब्यातलं घातलं. मग इंजिन चालू ठेवून पट्टी काढली. तेल बरोबर खुणेवर. इंजिन बंद केलं, काही मिनिटं थांबले, पुन्हा पट्टी काढली. तेल खुणेच्या बोटभर वर.

"देखिए। तेल उतना ही। बंद किया तो पंखे का तेल नीचे उतर आया, ज्यादा दिखता है। सरदारजी ने कार्ड के हिसाब से सही किया। इंजन का तेल तो हम सब बंद करके ही देखते हैं। मैं भी पहली क्रेन पर यही गलती कर चुका हूं।"

साहेबांनी स्वतः पट्टी हातात घेतली आणि दोन्ही वेळा पाहिली. दोनदा केलं. मग खुर्चीत बसून फाइलमधलं वरचं पान काढून घडी घातली आणि खिशात टाकलं. नव्या पानावर काय लिहिलं ते मला दिसलं नाही, पण लिहिताना त्यांनी विचारलं, "गिअरबॉक्स के तेल को टेक्निकली क्या कहते हैं?" आणि बाबांचा श्वास सुटलेला मला ऐकू आला.

कर्तारसिंगजी माझ्यापाशी आले. मी त्यांच्या बुटांकडे बघत होते. "बेबी जी," ते म्हणाले, "मुझे भी शक हुआ था। हर बार निकालता हूं, कुछ दिन बाद फिर ऊपर। मैंने भी किससे पूछा?" मग कार्ड काढून माझ्यापुढे धरलं. "जो छूट गया, इस पर सबसे ऊपर लिख दो। लाल से।"

पुढच्या दोन दिवसांत काकांनी गिअरबॉक्सचं खालचं ताट उतरवलं आणि आतला चुंबक मला हातात दिला. त्यावर राखाडी भुकटी होती, मऊ, काजळीसारखी. "चकाकणारे तुकडे न्हाइत ना? मग वाचली." दिल्लीच्या कश्मीरी गेटहून नवं तेल आलं. भरल्यावर चाचणीसाठी आम्ही चंदीगडच्या मध्य मार्गावर निघालो, कर्तारसिंगजी चालवत, काका कडेला, मी मध्ये. दांडी खाचेत पडली आणि गाडी एका क्षणात, गचका न देता, अलगद सुटली. पहिला, दुसरा, तिसरा गिअर, प्रत्येक वेळी इंजिनाचा सूर उतरायचा आणि काका बोट वर करायचे. मी मोजत होते. तिसऱ्याला मी पण बोट वर केलं.

परतताना मी विचारलं, मराठीत, "काका, तुम्हाला आधीच कळलं होतं ना? झडपेचं कार्ड तुम्ही पाहिलं होतं. माझं अक्षर तुम्हाला माहीत आहे."

ते खिडकीबाहेर बघत होते. "मला बोलिवलं हुतं गाडीत काय झालंय ते सांगाय. ते सांगितलं. बाकीचं माझं काम न्हाय." थोड्या वेळाने म्हणाले, "मराठी सुधारली तुझी."

तीन थेंबांचा तो तुकडा त्यांनी दोरीवर लावला, लाल ठिपक्यांच्या शेजारी. त्यावर गाडीचा नंबर आणि तारीख घालायची वेळ आली तेव्हा पेन माझ्या हातात दिलं. त्यानंतर मी वर्षभर दर शनिवारी दुपारी तिथे जात असे. काकूंच्या हातचा झुणका खाऊन, लोकांच्या गाड्यांच्या तक्रारी लिहून घेत असे. आणि विचारत असे. किती विचारत असे. एकदा काका वैतागून म्हणाले, "आगं, जरा श्वास घिऊ दे की इंजिनाला."

बाबांची बदली पुण्याला झाली. आम्ही जानेवारीत निघालो, सकाळच्या दिल्लीच्या बसने. काका निरोपाला आले नाहीत. त्यांनी आदल्या दिवशीच सांगितलं होतं, सकाळी काम आहे. धुकं इतकं होतं की शहराच्या बाहेर पडेपर्यंत मला काही दिसलं नाही. झिरकपूरला, जिथे कालक्याचा रस्ता फुटतो तिथे, बस नाक्यावर थांबली, आणि रस्त्याच्या कडेला निळी पिकअप उभी दिसली. केंद्राकडे जायच्या आधी तपासणी चालली असावी. बॉनेट उघडं होतं. कर्तारसिंगजी हातात पट्टी धरून, आणि शेजारी काका, कानटोपी घातलेले, पांढरा तुकडा धुक्यातल्या त्या मिणमिणत्या उजेडाकडे धरून उभे. थेंब पसरायची वाट बघत. आमच्या बसकडे त्यांची पाठ होती.

मी काच खाली केली, हाक मारायला. मारली नाही. झडपेला लावलेलं कार्ड मला इतक्या लांबून वाचता येत नव्हतं, पण गाडीच्या मागच्या नळीतून धूर येत होता, एका लयीत, संथ. इंजिन चालू होतं.